सेरी बीमध्ये कोण राहिलं?

९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये इटलीने वर्ल्ड कप जिंकला. बरोबर दोन महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, त्या संघाचा गोलरक्षक जानलुइजी बुफॉन रिमिनी नावाच्या समुद्रकाठच्या शहरात दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला सामना खेळत होता. समोरच्या संघाचं नाव इटलीबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. सामना १-१ असा सुटला. म्हणजे जगज्जेता गोलरक्षक दारात उभा असूनही त्याच्या क्लबला, युव्हेंटसला, तिथे जिंकता आलं नाही.

झालं होतं असं, की कोणत्या सामन्याला कोणते पंच नेमले जावेत यात युव्हेंटसचे पदाधिकारी हात घालत असल्याचं टेलिफोनवरच्या संभाषणांतून बाहेर आलं. क्लबची दोन विजेतेपदं काढून घेतली गेली, क्लबला सेरी आमधून, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमधून, दुसऱ्या दर्जाच्या सेरी बीमध्ये ढकललं गेलं आणि शिवाय गुणही कापले गेले. मग त्या उन्हाळ्यात युव्हेंटसच्या दारात बाजार भरला. इटलीचा कर्णधार म्हणून ज्याने वर्ल्ड कप उंचावला, तो कान्नावारो आणि त्याच्याबरोबर एमर्सन रेआल माद्रिदला गेले. थुराम आणि झांब्रोत्ता बार्सिलोनाला गेले. इब्राहिमोविच आणि व्हिएरा तर थेट इंटर मिलानला, म्हणजे ज्या क्लबला युव्हेंटसकडून काढून घेतलेलं विजेतेपद बहाल झालं होतं त्याच क्लबला. प्रशिक्षक कापेल्लोही माद्रिदला निघून गेला.

राहिले ते बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे आणि कामोरानेझी. यांतले तिघे नुकतेच जगज्जेते झालेले, नेदवेद २००३ चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवलेला, आणि त्रेझेगे हा बर्लिनच्या अंतिम सामन्यात फ्रान्सकडून पेनल्टी बारवर मारलेला बिचारा. यांतल्या कुणालाही युरोपातल्या कुठल्याही मोठ्या क्लबने पायघड्या घातल्या असत्या. देल पिएरोने त्या हंगामात सेरी बीमध्ये सगळ्यांत जास्त, २० गोल केले आणि युव्हेंटस वर आला.

क्लबचा खरा लेजंड कोण, हा वाद कट्ट्यावर निघाला की गोल, सामने, चषक, वर्षं अशी मोजदाद सुरू होते. मला ही मोजदाद निरुपयोगी वाटत नाही, पण ती थोर खेळाडू ओळखायला कामी येते. लेजंड ओळखायचा तर क्लबच्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट हंगाम काढावा आणि त्यात कोण होतं ते पाहावं. त्याला दुसरं दार उघडं होतं का, हेही पाहावं. कारण समर्थकाला ट्रान्स्फर नसते. क्लब खाली गेला की तोही मुकाट्याने खाली जातो आणि शनिवारी दुपारी रिमिनीचा निकाल बघत बसतो. ज्याला हे टाळता येत होतं आणि ज्याने टाळलं नाही, त्याच्याबद्दल स्टँडमध्ये जे तयार होतं ते चषकांनी तयार होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: निष्ठा वगैरे भाबडेपणा आहे, फुटबॉल हा धंदा आहे. मला तो निम्मा मान्य आहे. इब्राहिमोविच तेव्हा २४ वर्षांचा होता. पदाधिकाऱ्यांच्या पापाची शिक्षा त्याने का भोगावी, याला माझ्याकडे उत्तर नाही. थुराम चौतिशीत होता, त्याच्याकडे मोजकेच हंगाम उरले होते. गेले त्यांनी काही गुन्हा केला नाही. शिवाय ज्या निष्ठेची अपेक्षा खेळाडूकडून केली जाते, तिच्यातली चवलीसुद्धा क्लबचे मालक परत करत नाहीत. देल पिएरोचंच बघा. ऑक्टोबर २०११ मध्ये भागधारकांच्या सभेत अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्ली यांनी जाहीर करून टाकलं की हा त्याचा शेवटचा हंगाम. जो माणूस क्लबबरोबर सेरी बीमध्ये गेला, त्याच्या निरोपाची घोषणा ताळेबंदाच्या सभेत झाली. रेआल माद्रिदने २०१५ मध्ये आपला जुना गोलरक्षक कासियास याला निरोप दिला तेव्हा पत्रकार परिषदेत तो एकटाच बसला होता, डोळ्यांत पाणी; शेजारी क्लबचा एकही पदाधिकारी नाही. दुसऱ्या दिवशी मग घाईघाईने समारंभ झाला.

पण या उदाहरणांमुळे माझं म्हणणं उलट पक्कंच होतं. हा व्यवहार खेळाडू आणि मालक यांच्यातला असता, तर आन्येल्लींनी वाक्य उच्चारलं त्या दिवशीच देल पिएरोचा विषय संपला असता. तसं झालं नाही. १३ मे २०१२ रोजी अटलांटाविरुद्ध तो युव्हेंटससाठी लीगमध्ये शेवटचा खेळला. पूर्वार्धात गोल केला, उत्तरार्धात लवकरच त्याला बाहेर बोलावलं. युव्हेंटस एकही सामना न हरता आधीच विजेता झालेला होता, त्यामुळे निकालाला तसा अर्थ नव्हता. पुढे जे झालं ते मी कितीदा पाहिलं असेल! मैदानावर चेंडू फिरतोय, पंच शिट्ट्या मारतोय, बावीस जण आपापलं काम करताहेत, आणि स्टँडमधल्या माणसांचं तिकडे लक्षच नाही. ते सगळे मैदानाच्या कडेने चालणाऱ्या एका माणसाकडे बघताहेत. वरून स्कार्फ पडताहेत, तो वाकून उचलतोय, पुढे चालतोय. सामना चालू असताना सामन्याकडे पाठ फिरवण्याचा असा हक्क प्रेक्षक फार थोड्यांसाठी वापरतात. त्या स्टँडमधल्या चाळिशीच्या माणसाला रिमिनी आठवत असणार, एवढं मी पैजेवर सांगेन.

दुसरा मुद्दा चषकांचा, आणि इथे गाब्रिएल बातिस्तुतासारखा साक्षीदार नाही. १९९१ मध्ये तो फ्लोरेन्सला, फिओरेंतिनाकडे आला. १९९३ मध्ये क्लब सेरी बीमध्ये घसरला. अर्जेंटिनाचा पहिल्या पसंतीचा आघाडीवीर, दुसऱ्या वर्षी वर्ल्ड कप तोंडावर आलेला, आणि हा राहिला. १६ गोल केले, क्लबला वर आणलं आणि परत आल्यावर पहिल्याच हंगामात २६ गोल करून सेरी आचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. समर्थकांनी त्याचा पुतळा उभारला. तरीही लीगचं विजेतेपद काही आलं नाही. शेवटी २००० मध्ये तो रोमाला गेला आणि पहिल्याच वर्षी २० गोल करून लीग जिंकला.

चषकच मोजायचे तर बातिस्तुता रोमाचा लेजंड ठरायला हवा. रोमामध्ये त्याच्याबद्दल प्रेम आहे, कृतज्ञताही आहे. पण तिथल्या माणसाला विचारलं तर तो रोमातच सगळी कारकीर्द काढलेल्या तोत्तीचं नाव घेईल. बातिस्तुता राहिला फ्लोरेन्सचाच. नोव्हेंबर २००० मध्ये फिओरेंतिना रोमात खेळायला आली तेव्हा त्याच्याच गोलने हरली. गोल झाल्यावर रोमाचे खेळाडू त्याच्या अंगावर झेपावले आणि हा उभ्या उभ्या रडायला लागला. पुढे फिओरेंतिनाच्या सन्मान दालनात त्याला समारंभाने दाखल केलं गेलं, सोडून गेला म्हणून कुणी हिशेब काढला नाही. तेव्हा आयुष्यभर एकाच क्लबला चिकटून राहिलंच पाहिजे, असं नाही. वाईट काळात राहिलेल्याला चांगल्या काळात जायची मुभा असते. उलट क्रम मात्र माफ होत नाही. कान्नावारो २००९ मध्ये युव्हेंटसला परतला तेव्हा समर्थकांच्या एका गटाने त्याचं स्वागत नाराजीनेच केलं. जगज्जेता कर्णधार, बॅलन डी'ओर विजेता, आणि तरी!

फ्लोरेन्समध्येच याहून बोलकं उदाहरण आहे, फक्त ते नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. २००२ मध्ये फिओरेंतिना दिवाळखोरीत निघाली. क्लबचं नाव गेलं, रंग गेले, खेळाडू पांगले. शहराच्या महापौरांनी पुढाकार घेऊन नव्या नावाने संघ उभा केला आणि त्याला चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये, सेरी सी२ मध्ये, प्रवेश मिळाला. जुन्या संघातला एक माणूस तिथे राहिला. आंजेलो दी लिव्हिओ. वय ३६, काही आठवड्यांपूर्वीच इटलीच्या वर्ल्ड कप संघात असलेला. यातली गंमत अशी, की दी लिव्हिओ आधी युव्हेंटसचा, तिथे त्याने सहा वर्षं काढलेली, आणि फ्लोरेन्सला युव्हेंटसचा जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कशाचाच येत नाही. धावपळ करणारा, घाम गाळणारा, पण ज्याचं पोस्टर कुणी भिंतीवर लावावं असा हा खेळाडू नव्हे. दोन वर्षांत क्लब सेरी आमध्ये परतला तेव्हाही तो संघात होता. बातिस्तुताच्या गोलांशी दी लिव्हिओची तुलना करणं हास्यास्पद आहे. पण फ्लोरेन्समध्ये त्याला काय मान आहे, ते गोलांच्या तक्त्यात सापडणार नाही.

आता माझ्या कसोटीला सगळ्यांत अवघड जाणारा माणूस: पाओलो माल्दिनी. एसी मिलानसाठी ९०२ सामने, सात लीग विजेतेपदं, पाच युरोपियन चषक. वडील चेझारे यांनी १९६३ मध्ये कर्णधार म्हणून युरोपियन कप उंचावला, मुलाने ४० वर्षांनी, २००३ मध्ये. वाईट काळ या माणसाने पाहिला कुठे? तो १९८५ मध्ये संघात आला तेव्हा मिलान सेरी बीमधून दुसऱ्यांदा वर येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पुढची वीस वर्षं तर मिलानची चंगळच होती. मग माल्दिनी लेजंड नाही म्हणायचं?

२४ मे २००९ रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर माल्दिनीचा घरचा शेवटचा सामना झाला. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि एका टोकाला, कट्टर समर्थक बसतात त्या भागातून, शिट्ट्या ऐकू येत होत्या. तिथे आधीचा कर्णधार फ्रांको बारेसी याची सहा नंबरची भलीमोठी जर्सी झळकवली गेली, कर्णधार एकच, अशा अर्थाची. यामागे जुनं भांडण होतं. २००५ मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध ३-० ची आघाडी घालवून मिलान हरलं, त्यानंतर विमानतळावर काही समर्थकांनी खेळाडूंना शिव्या घातल्या आणि माल्दिनीने त्यांना ऐकवून दाखवलं. तो राग चार वर्षं मुरवून ठेवला होता. माझ्या मते तो प्रकार कृतघ्नपणाचा होता, आणि त्या शिट्ट्या मारणाऱ्यांची बाजू घ्यायची मला अजिबात इच्छा नाही. पण माल्दिनीला खाली खेचायला त्यांना जे एकच नाव सापडलं, ते कुणाचं? बारेसीचं. मिलान १९८० मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात सेरी बीमध्ये ढकललं गेलं, १९८२ मध्ये खेळात हरून पुन्हा गेलं, आणि दोन्ही वेळा बारेसी राहिला, विशीतला, हातात सगळी कारकीर्द असलेला. कृतघ्न माणसांच्या हातातसुद्धा मापाची पट्टी हीच होती.

माल्दिनीला मी लेजंड मानतोच. क्लबचा वाईट काळ त्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्याच समोर येऊन उभा राहिला आणि त्याने तो मान खाली न घालता काढला. पुढच्याच आठवड्यात फ्लोरेन्समध्ये त्याचा खरोखरचा अखेरचा सामना झाला आणि तिथल्या, म्हणजे प्रतिस्पर्धी, प्रेक्षकांनी त्याला उभं राहून निरोप दिला. बातिस्तुता आणि दी लिव्हिओ पाहिलेली माणसं ती.

आणि रोनाल्डो? रेआल माद्रिदसाठी ४३८ सामन्यांत ४५० गोल. मला विचाराल तर तो त्या क्लबचा बहुधा सर्वांत मोठा गोलवीर, पण क्लबचं आणि त्याचं देणंघेणं २०१८ मध्ये चुकतं झालं. त्याने भरपूर दिलं, त्याला भरपूर मिळालं. लेजंडच्या बाबतीत खातं कधी मिटत नाही, क्लबकडे काहीतरी बाकी राहतं. यावर माद्रिदवाले भांडायला येतील, येऊ देत. उलट बाजूला साउदॅम्प्टनचा मॅट ले टिसिए घ्या. १९८६ ते २००२, एकच क्लब, बहुतेक वर्षं तळाशी घुटमळणारा, सुमारे पंधरा हजार माणसं मावतील एवढं मैदान, आणि हा गडी ४८ पेनल्टींपैकी ४७ गोलात घालणारा. त्याला महत्त्वाकांक्षा नव्हती, अल्पसंतुष्ट होता, असं म्हणतात. असेलही. पण त्याच्या अल्पसंतुष्टपणावर एक अख्खं शहर वर्षानुवर्षं पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये टिकून होतं.

हे सगळं युरोपचं झालं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा सेरी बीमध्ये राहिलेल्या त्या पाचांपैकी दोघं भारतात आले होते. देल पिएरो दिल्लीला आणि त्रेझेगे आपल्या पुण्याला, बालेवाडीच्या मैदानावर. उमेदीचा काळ सरलेला त्रेझेगे पाहायलाही लोक आले, त्यात वावगं काही नाही. पण आपण तयार लेजंड आयात केला आणि इथला घडण्याची सोयच ठेवली नाही. ज्या एफसी पुणे सिटीकडून तो खेळला, तो क्लब पाच हंगामांत, २०१९ मध्ये बंद पडला. त्याआधी २०१५ मध्ये पुणे एफसी गेला, जो आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मुख्य राष्ट्रीय लीगमध्ये, २०१२-१३ ला दुसरा आला होता. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने निर्णय घेतला आणि विषय संपला.

रिमिनीची तुलना इथे करून बघा. इटलीत वाईट काळाला एक पायरी आहे: क्लब खाली जातो, तिथे खेळतो, परत येतो, आणि तेवढ्या वेळात कोण माणूस कसा आहे हे सगळ्यांना कळतं. आपल्याकडे सुपर लीगमध्ये वर यायचं दार २०२३ पासून उघडलं, खाली जायचं दार मात्र २०२४-२५ पर्यंत तरी नव्हतंच. वाईट काळ आला की क्लब खाली गेला नाही, गुंडाळला गेला. मग राहायचं कुठे? पुण्याचा एखादा पोरगा कितीही निष्ठेने थांबायला तयार असला, तरी थांबायला क्लबच शिल्लक नाही.

गोव्याची गोष्ट तर जास्त टोचणारी. देंपो हा तिथला क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता. २०१५ मध्ये आय-लीगमधून घसरला, दुसऱ्या विभागात खेळला, २०१६ मध्ये तो जिंकून परत आला. म्हणजे आपल्याही एका क्लबने सेरी बीचा हंगाम काढला होता! आणि त्याच वर्षी भारतीय फुटबॉल महासंघाने सुपर लीगला वरचं स्थान द्यायचा आराखडा मांडला, तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांसह देंपोनेही निषेध म्हणून लीग सोडली. मैदानावर परत मिळवलेली जागा कागदावर गेली. पुन्हा राष्ट्रीय पातळीवर यायला त्यांना २०२४ उजाडलं.

म्हणून म्हापशाचा मंदार राव देसाई सहा हंगामांनंतर एफसी गोवा सोडून २०२० मध्ये मुंबई सिटीला गेला तेव्हा जे बोललं गेलं, ते मला पटलं नाही. कर्णधार होता, घरचा मुलगा होता, हे खरं. पण आधीच्या प्रशिक्षकाबरोबर संघातले मोक्याचे खेळाडूही मुंबईला निघाले होते, आणि मुंबईत पहिल्याच वर्षी त्याला लीग आणि चषक दोन्ही मिळाले. ज्या लीगमध्ये क्लबला खाली पडायची सोय नव्हती आणि उद्या तो असेल याची हमी नव्हती, तिथे खेळाडूकडे बारेसीपणा मागायचा अधिकार कुणाला होता?

अपवाद आहे, आणि तो आपल्याच राज्यात आहे. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण ही मंडळं कुठल्या कंपनीची नाहीत, तालमीची आणि पेठेची आहेत. शाहू स्टेडियमवर हरलेला खेळाडू संध्याकाळी त्याच गल्लीतून गाडीवरून जातो आणि कोपऱ्यावरचा चहावाला विचारतो, ‘काय लेका, पेनल्टी तशी मारत्यात व्हय?’ तिथे क्लब बंद करायचा तर आधी पेठ रिकामी करावी लागेल. तिथलं सगळं गोड आहे असं नाही. हंगामाआधी खेळाडूंची पळवापळवी होते, समर्थकांच्या हाणामाऱ्या होतात, बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर पैसा उधळला जातो आणि पेठेतली पोरं बाकावर बसतात. तरीही वीस वर्षांपूर्वी खेळायचा थांबलेला माणूस कुठल्या तालमीचा, हे तिथे शेंबडं पोरही सांगेल. ही ओळख त्याला कुठल्या समारंभात मिळालेली नसते.

फ्लोरेन्समध्ये क्लब कागदोपत्री मेला तेव्हा शहराने नवा संघ उभा केला आणि त्याच्या नव्या मालकाने वर्षभरात जुनं नाव आणि चिन्ह विकत घेऊन परत आणलं. आपल्याकडे महासंघ क्लबांना परवाना देताना मैदानाची, युवा संघांची, हिशेबाची अट घालतो. त्यात आणखी एक घालावी: मालक निघून गेला तर नाव, रंग, चिन्ह आणि युवा संघ त्याच्याबरोबर जाणार नाहीत, ते शहरातल्या नोंदणीकृत समर्थक संघटनेकडे किंवा जिल्हा संघटनेकडे राहतील, आणि खालच्या दर्जाच्या लीगमध्ये त्यांना प्रवेश मिळेल. मालक म्हणतील, पैसा आमचा, नाव आमचं. तर मग पुढच्या वेळी एखाद्या निवृत्त परदेशी खेळाडूला आणून त्याच्या गळ्यात ‘क्लब लेजंड’ची माळ घालताना त्यांनी आधी सांगावं, की क्लब किती वर्षं ठेवणार आहात.